नंबर परत म्हणा

खंडोजींच्या घरातून साधं दूध आणायला निघालेल्या माणसाचीही सहज सुटका होत नसे. "अर्धा लिटर दूध, एक दह्याचं पाकीट," असं खंडोजी सांगत, आणि जाणाऱ्यानं उंबऱ्यात उभं राहून "अर्धा लिटर दूध, एक दह्याचं पाकीट" असं परत म्हणून दाखवल्याशिवाय त्याला जिना उतरायला मिळत नसे. पाहुणे हसत. शेजारचा वायरमन तर मुद्दाम उलटं म्हणून त्यांना चिडवायचा. खंडोजी चिडत नसत, पुन्हा सांगत.

ही खोड कारखान्याची. खंडोजींचं सगळं आयुष्य टेलिफोनच्या सरकारी कारखान्यात, टेस्टिंग सेक्शनमध्ये गेलं. तिथली रीत अशी की एकानं नंबर वाचायचा आणि तारेच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्यानं तो परत म्हणायचा. परत आला तर लाइन जिवंत. नाही आला तर तुम्ही घसा फोडून ओरडला असलात तरी नंबर दिलाच नाही असं धरायचं. पुढे तारेचे फोन गेले, कारखान्याचं काम आटलं, खंडोजींना मुदतीआधीच निवृत्ती देऊन घरी पाठवलं. ही सवय तेवढी त्यांनी बरोबर आणली. "हे घर न्हवं, टेस्टिंग सेक्शन हाय," असं त्यांची बायको सकवारबाई ज्याला त्याला सांगत.

घर बेंगळुरातल्या शिवाजीनगरात, मोटारींचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानांच्या माडीवर. शहाजीराजांच्या फौजेबरोबर कोणी पूर्वज बेंगळुरात आला आणि परत जायचं विसरला, एवढाच त्यांचा इतिहास. घरात मराठी, जिन्याखाली कन्नड, कोपऱ्यावर तमिळ आणि दखनी. पुण्याची माणसं त्यांची मराठी ऐकून गोड हसतात. लहान मुलानं बोबडं बोलल्यावर हसतात तसं. खंडोजींना ते कळतं, पण ते मनावर घेत नाहीत. सकवारबाईंचं नाव राणीचं. "नाव राणीचं आणि जन्म डाळ निवडण्यात," हे त्यांचं स्वतःबद्दलचं मत.

त्यांना एकच मुलगी, दिव्यश्री. इंजिनिअर झाली, मारतहळ्ळीच्या पुढे रिंग रोडवरच्या एका मोठ्या काचेच्या इमारतीत नोकरीला लागली, तिथेच पुण्याचा तनय भेटला, लग्न झालं, आणि दोघं आयर्लंडला गेली. यात कोणाची काही चूक नाही. हल्ली सगळ्यांचंच असं होतं आणि म्हणून कोणाला बोलताही येत नाही. पहिले काही महिने ती रोज फोन करायची, मग आठवड्यानं, मग सणासुदीला. एकदा न राहवून सकवारबाईंनीच फोन लावला. पलीकडून दिव्यश्री दबल्या आवाजात म्हणाली, "अम्मा, काय झालं? सगळं ठीक हाय न्हवं?" ती मीटिंगमध्ये होती. सकवारबाईंकडे सांगण्यासारखं काहीच झालेलं नव्हतं. नुसता आवाज ऐकायला फोन केला असं म्हणायची त्यांना इतकी लाज वाटली की त्यांनी "चुकून लागला" असं सांगून ठेवून दिला. त्यानंतर त्यांनी आपण होऊन फोन केला नाही. फोन करायला काहीतरी कारण पाहिजे, हे त्यांनी कायमचं मनाशी धरलं.

आणि मग एक दिवस ते कारण मिळालं.

दिव्यश्रीचाच फोन आला. इथल्या बँकेची साइट तिकडून उघडत नव्हती, तनयला क्रिकेटचे सामने दिसत नव्हते, तिचं पैसे भरलेलं मालिकांचं ॲप "तुमच्या देशात उपलब्ध नाही" असं म्हणत होतं. तिचं म्हणणं असं की आपल्या घरात तिचा कॉलेजातला जुना कॉम्प्युटर पडून आहे, त्याच्यावर लिनक्स घालून एक हलका प्रॉक्सी बसवायचा. कॉम्प्युटर म्हातारा, त्याला जड काही झेपणार नाही, पण हा प्रोग्राम अगदी चिमुकला असतो. तिनं तिकडून काही मागितलं की मागणी आधी या डब्याकडे येणार, डबा ती आपल्या नावावर पुढे पाठवणार, आणि आलेला माल तिला पोचता करणार. साइटला वाटणार, शिवाजीनगरातच कोणीतरी बसून बघतंय.

"म्हणजे एक्स्चेंजच की," खंडोजी म्हणाले.

"हां अप्पा, एक्स्चेंजच. तुम्हाला जमेल."

त्यानंतरचा आठवडा त्या घरातला अलीकडचा सगळ्यात सुखाचा आठवडा होता. दिव्यश्री रोज संध्याकाळी फोन लावायची, फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला जायचा, आणि ती एकेक अक्षर सांगायची. खंडोजी चष्मा कपाळावर चढवून, पुन्हा नाकावर घेऊन टाइप करायचे. अर्थात आधी परत म्हणून. सकवारबाई शेजारी स्टुलावर बसायच्या, हातात काहीतरी निवडायला घेऊन. त्यांना यातलं काही कळत नव्हतं आणि कळायची गरजही नव्हती.

"आता टाइप करा, सुडो," दिव्यश्री म्हणायची.

"सुडो. म्हणजे काय गं?"

"म्हणजे मालकाच्या हुकमानं. तुम्ही मालक."

"या घरात? तुझ्या अम्माला विचार जरा."

तिकडून ती खळखळून हसायची. सकवारबाईही हसायच्या. त्या विनोदाला नाही, तिच्या हसण्याला.

प्रोग्राम बसला. मग त्याची सेटिंगची फाइल उघडली. तीत बऱ्याच ओळींच्या आधी एक जाळीसारखी खूण होती. ती खूण असलेली ओळ यंत्र वाचत नाही, ती माणसानं माणसासाठी लिहिलेली असते, असं दिव्यश्रीनं सांगितलं. खंडोजींना हे फार आवडलं. त्यांनी त्या सगळ्या ओळी शब्दकोश घेऊन वाचून काढल्या. आत कोणाला घ्यायचं ते सांगणारी एक ओळ होती. ती नीट लिहिली नाही तर दार सताड उघडं राहून जगातले चोर आपल्या नावावर नाही ते उद्योग करतील, असं तिनं बजावलं. तिचा तिकडचा पत्ता सारखा बदलायचा, म्हणून तिनं नाव आणि पासवर्ड मागणारी ओळ घालायला लावली.

"पासवर्ड काय ठेवायचा?" खंडोजींनी विचारलं.

"पुट्टी ठेवा की," स्टुलावरून सकवारबाई म्हणाल्या. पुट्टी म्हणजे कन्नडात छोटी पोरगी. दिव्यश्रीला लहानपणी सगळी गल्ली याच नावानं हाक मारायची.

तिकडून दिव्यश्री म्हणाली, "सरी, चालेल. पुट्टी, आणि पुढे थोडे आकडे घाला अप्पा, नाहीतर सोपा होतो."

शेवटी राउटरमध्ये जाऊन बाहेरून येणारी वाट त्या डब्याकडे वळवायची होती. तेही झालं. दिव्यश्रीनं तिकडून बँकेची साइट उघडली आणि ती उघडली. मागून तनय ओरडला, "अप्पा, यू आर अ रॉकस्टार! माझ्या टीमला सांगणार आहे मी, सासरे लिनक्स सर्व्हर चालवतात म्हणून!" खंडोजी लाजले. कारखान्यानं जाताना त्यांना एक घड्याळ दिलं होतं, पण असं काही कोणी बोललं नव्हतं.

काम झालं आणि फोन थांबला. दुसऱ्या संध्याकाळी सकवारबाई शेंगा घेऊन स्टुलावर येऊन बसल्या. त्या सोलून झाल्या तेव्हा उठून गेल्या. असं काही दिवस चाललं. खंडोजी डब्यावर फडकं मारत आणि हिरवा दिवा लुकलुकताना बघत. दिवा लुकलुकतोय म्हणजे पोरगी काहीतरी बघतेय. तेवढ्यावर त्यांचं भागत होतं. बायकोचं भागत नव्हतं.

मग एका दुपारी करंट गेलं. शिवाजीनगरात ते जातंच. तासाभरानं आलं, राउटर उठला, डबाही आपोआप उठला, कारण खंडोजींनी तशी सोय करून ठेवली होती. आणि थोड्या वेळात फोन वाजला.

"अप्पा, चालत नाही. पत्ता बदलला असेल. नंबर सांगा."

इंटरनेटवर प्रत्येक घराला चार तुकड्यांचा एक नंबर असतो. राउटर बंद होऊन चालू झाला की कंपनी कधी कधी नवा नंबर देते. तो नवा नंबर कळल्याशिवाय दिव्यश्रीला घराची वाट सापडत नव्हती. खंडोजींनी स्क्रीनवर बघून नंबर वाचला. तिनं परत म्हटला. "मेसेजवर टाकत जा ना अप्पा," ती म्हणाली. पण खंडोजींनी ऐकलं नाही. आकडा लिहून टाकायचा नसतो, तो परत म्हणवून घ्यायचा असतो. लिहिलेला चुकला तर कोणाला कळणार? या बाबतीत ते हट्टाला पेटले आणि दिव्यश्रीनं नाद सोडला.

सकवारबाईंच्या डोक्यात प्रकाश पडायला वेळ लागला नाही. करंट गेलं की नंबर बदलतो, नंबर बदलला की पुट्टीचा फोन येतो. सगळी गल्ली वीज कंपनीला शिव्या घालायची आणि ही बाई पंखा थांबला की पदर सावरून फोनजवळ येऊन बसायची. पुढे पुढे त्यांनी खंडोजींना हक्कानं सांगितलं, "अवो, नंबर मी सांगते. तुमचं काय, वाचून मोकळं हुता." खंडोजींनी त्यांच्यासाठी स्क्रीनवर तो नंबर मोठ्या आकड्यांत आपोआप यावा अशी व्यवस्था केली. त्यांची शाळा कन्नड, तीही चौथीपर्यंत, पण आकडे कोणालाही वाचता येतात. पहिले तीन तुकडे सहसा तेच असत, ते तर त्यांना गोत्रासारखे पाठ झाले होते. चौथा बदलला की त्या तो स्वैपाकघरात पुटपुटत घोकायच्या, म्हणजे फोन आल्यावर स्क्रीनकडे बघायला नको, पोरीशी बोलता येईल.

आणि त्या कशा सांगायच्या! "दोनशे तीन. ऐकलीस? दोनशे तीन. जेवलीस काय? काय केलतीस? मग सुन्ना. सुन्ना म्हण. तिकडं थंडी हाय काय अजून? एकशे तेरा. तुझा आवाज असा का येतोय, सर्दी झालीया काय?" शून्याला त्या सुन्ना म्हणत. चार तुकड्यांचा नंबर त्या पुरवून पुरवून द्यायच्या, मुलाला खाऊ देतात तसा. शेवटचा तुकडा द्यायला त्यांच्या जिवावर यायचं, कारण तो दिला की दिव्यश्री "थँक्स अम्मा, नंतर बोलते" म्हणायची. नंतर ती बोलत नसे. पुढचं करंट जाईपर्यंत नाही.

खंडोजींना हे सगळं दिसत होतं, पण त्यांना त्यात गंमत वाटायची. बायकोची गंमत. इथेच त्यांची चूक झाली, पण ती त्यांना फार उशिरा कळली.

क्रिकेटचा कसलासा अंतिम सामना होता. इथली संध्याकाळ, तिकडची दुपार. तनयनं घरी मित्र बोलावले होते. सामना रंगात आला आणि शिवाजीनगरात ट्रान्सफॉर्मरचा फ्यूज उडाला. लोकांनी लाइनमनला बोलावून बोलावून करंट आणवलं, आणि लगेच फोन वाजला. सकवारबाई तयारच होत्या.

"दोनशे तीन," त्यांनी सुरुवात केली. "पुट्टी, लई गलका ऐकू येतोय गं, कोण आलंय?"

"अम्मा, तनयचे फ्रेंड्स. दोनशे तीन. पुढचं सांग."

"काय केलंस त्यांना खायला? कोडबळे करायचे हुतेस की, तुला येतात. सुन्ना."

"सुन्ना. अम्मा, बेगा, लवकर सांग ना."

"एकशे तेरा. तांदळाचं पीठ मिळतंय काय तिकडं?"

मागून तनयचा आवाज आला. तो त्यांच्यासाठी नव्हता, पण स्पीकरवर सगळं ऐकू येतं. "अगं दिव्या, शेवटच्या तीन ओव्हर राहिल्यात! आकडा घे ना आधी, गप्पा नंतर मार!" आणि कोणीतरी हसलं. दिव्यश्री म्हणाली, "अम्मा, नंतर बोलते. आधी नंबर दे. प्लीज."

सकवारबाईंनी शेवटचा तुकडा सांगितला. तिनं परत म्हटला आणि फोन बंद झाला. सकवारबाई फोन पदरानं पुसत म्हणाल्या, "गडबडीत हाय पोरगी."

खंडोजींना लाज वाटली. आणि ती त्यांना मुलीची वाटली नाही, जावयाची वाटली नाही, बायकोची वाटली. टेस्टिंग सेक्शनच्या माणसाला वाटलं की आपल्या घरामुळे लाइन अडली. परक्या चार पोरांच्या हसण्यानं माणूस आपल्या बायकोकडे असं बघायला लागतो, हे काही भूषणावह नाही, पण तसं झालं खरं.

दुसऱ्या दिवशी तनयचा मेसेज आला. "अप्पा, काल सॉरी हं, थोडा गोंधळ झाला. एक परमनंट फिक्स आहे. एक फ्री सर्व्हिस आपल्या घराला नाव देते. तुम्ही फक्त एक छोटी स्क्रिप्ट टाकायची. नंबर बदलला की ती स्वतःच तिकडे कळवत राहील. मग आम्हाला नंबर नको, नाव पुरेल. तुमचाही त्रास वाचेल. तुम्हाला तर पाच मिनिटांचं काम!"

खंडोजींनी मेसेज दोनदा वाचला. ज्या लाइनला दर वेळी माणसानं येऊन हात लावावा लागतो, ती लाइन सदोष, हे त्यांना कारखान्यानं शिकवलं होतं. आणि "तुम्हाला तर पाच मिनिटांचं काम" हेही त्यांना गोड लागलं, का लागू नये? सकवारबाई त्या दुपारी बांगड्या आणायला बाजारात गेल्या होत्या. गौरीचा हब्बा, म्हणजे सण, जवळ आला होता. लग्न झालेल्या लेकीला माहेरून बागिना जातो, सूप भरून हळदकुंकू, बांगड्या, डाळी. आयर्लंडला सूप जात नाही, पण बांगड्या जातात. त्या परत यायच्या आत खंडोजींनी स्क्रिप्ट टाकली, राउटर मुद्दाम बंदचालू करून बघितला. नंबर बदलला, नावानं तो आपोआप उचलला. काम चोख झालं होतं. तनयनं अंगठा पाठवला.

जिन्यावर पावलं वाजली तेव्हा खंडोजी डब्यासमोरून उठले. सकवारबाई हिरव्या बांगड्यांचा जोड उजेडात धरून म्हणाल्या, "बरोबर येतील न्हवं तिला? हात बारीक झालेत तिचे, फोनवर दिसतात." सांगू सावकाश, असं खंडोजींना वाटलं. संध्याकाळी सांगितलं नाही, दुसऱ्या दिवशी नाही, आणि मग सांगणं अवघड होत गेलं.

करंट जायचं, यायचं. सकवारबाई नंबर पाठ करून फोनजवळ बसायच्या. फोन वाजायचा नाही.

"कामात असंल," त्या म्हणायच्या.

"असंल," खंडोजी म्हणायचे.

एकदा त्यांनी विचारलं, "डबा बिघडला काय?" खंडोजी म्हणाले, "न्हाई, चालतोय." आणि ते खरं होतं. हिरवा दिवा झरझर लुकलुकत होता, पोरगी तिकडे काहीतरी बघत बसली होती, आणि इथे तिची आई नंबर तोंडात धरून बसली होती. खंडोजींना जेवण गोड लागेना. पण बोलले नाहीत. माणूस बायकोला घाबरत नाही तेवढा तिच्या गप्प बसण्याला घाबरतो.

मग करंट असतानाही ते जायला लागलं. म्हणजे गल्लीत असायचं, खालच्या दुकानातलं ग्राइंडिंग मशीन घरघरत असायचं, आणि यांच्याच घरात पंखा थांबायचा. एकदा खंडोजी गच्चीवरून उतरताना त्यांनी बघितलं. सकवारबाई स्टुलावर चढून मेन स्विच खाली पाडत होत्या. थोडं थांबून त्यांनी तो वर केला, उतरल्या, स्टूल जागच्या जागी ठेवलं, आणि स्क्रीनसमोर जाऊन उभ्या राहिल्या. नंबर आला. त्यांचे ओठ हलले. खंडोजी तसेच दोन पायऱ्या मागे गेले आणि खोकत, पाय वाजवत पुन्हा उतरले. त्या वेळी ते बोलले असते तर निदान थोडंफार वाचलं असतं.

गौरीच्या दिवशी व्हिडिओ कॉल आला. बांगड्या पोचल्या होत्या. दिव्यश्रीनं त्या घातल्या होत्या, हात हलवून वाजवून दाखवल्या. सकवारबाईंनी नवी इरकल साडी नेसली होती, आणि फोन इतका जवळ धरला होता की तिकडे त्यांचं नुसतं कपाळच दिसत असणार. त्यांनी सगळं विचारून घेतलं. आज नंबर नव्हता, तरी फोन चालू होता, म्हणून त्या अगदी भरून गेल्या होत्या.

"अगं पुट्टी, अलीकडं नंबर विचारीत न्हाईस ते?" त्यांनी हसत विचारलं. "मी पाठ करून बसते इथं."

दिव्यश्री काही बोलायच्या आत तनयनं मान आत घातली. मुलगा वाईट नाही, मोठ्या मनानं कौतुक करणारा आहे. "आई, आता काही पाठ करायला नको तुम्हाला! अप्पांनी असलं भारी ऑटोमेट करून टाकलंय ना, त्या फायनलनंतर एकदाही नंबर विचारावा लागला नाही. झीरो कॉल्स! अप्पांना मानलं पाहिजे."

सकवारबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू जागचं हललं नाही. "हो काय," त्या म्हणाल्या. "बरं केलंत की." मग त्यांनी पोळ्यांच्या पुरणाची चौकशी केली, दोघांना आशीर्वाद दिले, आणि फोन ठेवला. खंडोजी खुर्चीत बसून होते.

"मी बांगड्या आणाय गेलते, तवा केलं काय?"

"हं."

"मला सांगितलं न्हाई."

खंडोजींनी सांगायचा प्रयत्न केला. लाइन अडत होती, जावयाचा मेसेज आला, लाइनला सारखा हात लावावा लागणं बरोबर नसतं. सकवारबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"मी स्टुलावर चढून करंट बंद करत हुते," त्या म्हणाल्या. "तुमी खोकत खाली आलात त्या दिवशी. जिन्यावरून बघितलंत. मला कळलं हुतं. मला वाटलं, तुमालाबी पोरीचा फोन यावासा वाटतोय, म्हणून बोलत न्हाईत." एवढं बोलून त्या आत गेल्या आणि गौरीच्या पुढचा दिवा सारखा करायला लागल्या.

खंडोजींनी दुसऱ्या दिवशी स्क्रिप्ट काढून टाकली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी जाणूनबुजून एक चालती लाइन बिघडवली. काम दोन ओळींचं होतं. मग ते करंट जायची वाट बघत बसले, बायको बसायची तसे. ते गेलं, आलं. नंबर बदलला. डब्यावरचा हिरवा दिवा थांबला. म्हणजे तिकडे काहीतरी बंद पडलं होतं, तिकडे कोणीतरी आता फोन उचलणार होतं. खंडोजींनी फोन उचलून त्याचा आवाज पूर्ण मोठा केला आणि स्वैपाकघराच्या दाराजवळ ठेवला, सकवारबाईंना पटकन घेता यावा म्हणून.

फोन वाजला नाही. किणकिणला. तनयचा मेसेज होता.

"अप्पा, बहुतेक बंद पडलं तुमच्याकडे. पण नो टेन्शन! आम्ही मुंबईतला एक छोटा सर्व्हर भाड्यानं घेतला, कालच सेट केला, आता त्याच्यावरच शिफ्ट झालो. इट्स सुपरफास्ट. पासवर्डपण बदललाय, जुना फार वीक होता. आता तुम्ही बॉक्स बंद करून टाका, उगाच करंट जळतं. थँक यू फॉर एव्हरीथिंग!" खाली दिव्यश्रीचा लाल बदाम होता.

खंडोजींनी डबा बंद केला नाही. स्क्रीनवर नवा नंबर मोठ्या आकड्यांत उभा होता, ज्याची आता जगात कोणालाच गरज नव्हती. आत भांड्यांचा आवाज चालला होता. खंडोजी खुर्ची ओढून स्क्रीनसमोर बसले, चष्मा नाकावर घेतला, आणि आत ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी नंबर वाचला. "दोनशे तीन. सुन्ना. एकशे तेरा. सत्तेचाळीस."

आणि रीतीप्रमाणे ते थांबले.

आतला भांड्यांचा आवाज थांबला. थोड्या वेळानं नळ सुरू झाला. खंडोजींनी नंबर पुन्हा एकदा वाचला, जरा मोठ्यानं. तो परत आला नाही. पाण्याच्या आवाजात ऐकू गेलं नसेल असं त्यांनी मनाला सांगून बघितलं, पण माडीवरचं दोन खोल्यांचं घर, आणि सकवारबाई काही बहिऱ्या नव्हत्या.